रास्पबेरी पाय सुरू होत नाही? नवा बोर्ड घेण्याआधी या चुका टाळा

मुंबईत रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला संगणक, बंद पडला की ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी ओळखला जाणारा लॅमिंग्टन रोड गाठायचा आणि नवा बोर्ड घेऊन यायचे, हा मार्ग सोपा वाटतो. परंतु आपण मेला म्हणून बाजूला ठेवलेला बोर्ड पुष्कळदा धडधाकट असतो आणि दोष त्याला वीज पोहोचवणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा केबलमध्ये असतो.

पडदा काळा दिसला म्हणजे वीजच येत नाही, असे समजणे ही पहिली चूक होय. पाय ३ आणि पाय ४ या मॉडेलांवर लाल दिवा विजेचा आणि हिरवा दिवा, बोर्ड ज्यावरून सुरू होतो ते मेमरी कार्ड वाचले जात असल्याचा असतो. लाल दिवा स्थिर असून हिरवा अजिबात लुकलुकत नसेल, तर संशय मेमरी कार्डावर घ्यावा. हिरवा दिवा ठरावीक अंतराने चार वेळा लुकलुकत असेल, तर सुरुवातीची फाइल सापडत नाही, आणि सात वेळा लुकलुकत असेल, तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सापडत नाही, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहावी लागेल. पाय ४ वर मॉनिटरची वायर यूएसबी-सी जोडणीच्या शेजारच्या एचडीएमआयमध्येच घालावी. पाय ४ मधून कार्ड काढून वीज दिली आणि पडद्यावर बोर्डाची माहिती उमटली, तर बोर्डाची चिंता मिटली.

लाल दिवा मिणमिणत असेल किंवा विझत असेल, तर व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली जात आहे, असे समजावे. येथे घरातला मोबाइलचा चार्जर लावण्याची दुसरी चूक उघडी पडते. चार्जरवर ६५ वॅट छापलेले असले, तरी ती क्षमता बहुधा २० व्होल्टवरची असते आणि ५ व्होल्टवर तोच चार्जर ३ अँपिअरवर थांबतो. पाय ४ चे त्यावर भागते. पाय ५ ला मात्र ५ व्होल्टवर ५ अँपिअर अपेक्षित असतात आणि ते न मिळाल्यास तो यूएसबी जोडण्यांना एकूण ६०० मिलिअँपिअरच देतो. त्यामुळे बाहेरची हार्ड डिस्क बंद पडते आणि दोष विनाकारण बोर्डाच्या माथी जातो.

केबलकडे तर कोणी पाहतच नाही. २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) एक मीटर लांबीच्या तांब्याच्या केबलमध्ये जाण्या-येण्याच्या दोन तारा मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध असतो. त्यातून २ अँपिअर वाहिले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि अ‍ॅडॉप्टरने ५.१ दिलेले असूनही बोर्डाला ४.२५ मिळतात. २४ गेजच्या तारेत हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. केबल जाड आणि आखूड असावी, असे म्हणतात ते एवढ्यासाठीच. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ च्या सुरुवातीच्या बोर्डांत यूएसबी-सीच्या रचनेतच उणीव होती: लॅपटॉपच्या काही महागड्या, चिप असलेल्या केबलने तो अजिबात सुरू होत नसे आणि साध्या केबलने लगेच होई. ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली. पण जुना बोर्ड हाताशी असेल, तर केबल बदलून पाहणे आवश्यक आहे.

तिसरी चूक मात्र खरोखर बोर्डाचा जीव घेते. वीज चालू असताना बोर्डाच्या पिनांवर लावायच्या जंपर वायर, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारा, हलवताना ३.३ आणि ५ व्होल्टच्या पिना एकमेकींना चिकटल्या, तर वीज सांभाळणारी चिप जळू शकते. म्हणून विजेची सोडून बाकी सर्व जोडण्या काढून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे यंत्र, लावावा. क्रमांक ६ ची पिन ऋण धरून क्रमांक २ वर ५ व्होल्ट दिसत असतील, पण क्रमांक १ वर ३.३ दिसत नसतील, तर बिघाड बोर्डावरच आहे आणि घरी दुरुस्तीची आशा फारशी नाही. पावसाळ्यात समुद्राच्या दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून, बोर्ड पूर्ण वाळल्यावरच हे मोजमाप घ्यावे.

क्रमांक २ वरही ५ व्होल्ट नसतील आणि बोर्ड पाय ३ बी असेल, तर त्यावरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज तापून अडला असण्याची शक्यता आहे. त्याला निवायला वेळ लागतो. एक-दोन दिवस वीज न देता बोर्ड तसाच ठेवून पुन्हा मोजावे.