मोटारसायकलचा हॉर्न बदलताना

पावसाळा संपता संपता माझ्या मोटारसायकलचा हॉर्न आधी घोगरा झाला आणि मग पार बसला. नवा आणण्यापूर्वी मी त्याच्या दोन्ही वायरी काढून त्यांना १२ व्होल्टचा टेस्ट बल्ब जोडला, इंजिन सुरू न करता चावी फिरवून बटण दाबले आणि बल्ब लख्ख पेटला, तेव्हा फ्यूज, बटण व वायरिंग शाबूत असून दोष हॉर्नमध्येच आहे, हे कळले. हॉर्नच्या मागचा, आवाज जुळवायचा स्क्रू थोडा थोडा फिरवूनही आवाज उमटेना. उलट तोंडातून गंजाची तांबूस पूड गळली.

चावी बंद करून १० मिमीचा नट सोडवू लागलो, तर तो इतका धरला होता की तेल सोडून अर्धा तास थांबावे लागले. (पाना घसरून बोटाचे सालटे निघाले ते निराळेच.) वायरींची टोके हिरवी पडली होती, ती पॉलिश पेपरने घासली. नवा हॉर्न त्याच्या लवचीक पट्टीवरच, तोंड किंचित खाली ठेवून बसवला, कारण त्याचे अंग फ्रेमला टेकले तर कंपन दबून आवाज फाटतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिले.