रेसिंग करायचंय? पुण्यातल्या मुलींसाठी थोडं रोखठोक

पुण्यात गाडी न चालवणारी मुलगी शोधावी लागते. तरी मी बाइक रेसिंग करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, भीती नाही वाटत?" भीतीचं बघून घेता येतं हो. खरी अडचण अंतराची आणि पैशांची. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या बहुतेक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर होतात. सराव, पात्रता फेरी, शर्यती आणि जाणं-येणं धरलं तर नोकरीतली रजा सगळी तिकडेच संपते.

म्हणून स्वतःची बाइक विकत घेऊन ती रेससाठी बनवत बसू नका. वन-मेक स्पर्धेत शिरा. सगळ्यांना एकसारखी बाइक, तीही कंपनीची. टीव्हीएसच्या स्पर्धेत मुलींचा वेगळा गट आहे. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट्सच्या संघटनेचं, स्पर्धेचं लायसन्स दरवर्षी काढावं लागतं, त्याला डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडायचं. अठराच्या आत असाल तर पालकांची संमतीही लागते, म्हणजे घरी लपवाछपवीचा प्रश्नच मिटला. आणि बाइकच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग बसत नाही. वेगळा अपघात विमा घेताना एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका, काय काय वगळलंय ते स्वतः वाचा.

सरावाला पुण्यात माती आहे. डर्ट म्हणजे मातीवरच्या शर्यती आणि सुपरक्रॉस म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत होणाऱ्या शर्यती, दोन्हींचं वेड इथे जुनं; इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी 2024मध्ये बालेवाडीलाच झाली. मातीत मागचं चाक सरकलं की हँडल आवळायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि गाडीला हलू द्यायचं. ही सवय पुढे डांबरावरही उपयोगी पडते. ताम्हिणी घाटात वळणावर बाइक झुकवून रस्त्याला गुडघा टेकवायचा प्रयत्न म्हणजे सराव नव्हे. तिथे समोरून एसटी येते.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. लेदर सूट अखंड असतो, आणि तयार सूट बहुतेक पुरुषांच्या मापाचे. कमरेला बसला तर छातीत आवळतो, छातीत बसला तर बाकी सगळीकडे ढगळ होतो आणि गुडघ्याचा पॅड नडगीवर उतरतो. पडताना पॅड जागेवर नसेल तर तो असून नसल्यासारखा. माप देऊन शिवून घ्या. ट्रायल आरशासमोर नको, बाइकवर बसून, छाती टाकीला टेकवून घ्या. चेन्नईच्या दमट हवेत घामाने लेदर अंगाला असं चिकटतं की टॉयलेटला जायचं तर बाह्या ओढायला मैत्रीण लागते. पाळीचे दिवस असतील तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी बाइक तयार ठेवतात तिथे, बोलावणं येण्याच्या बरंच आधी टॉयलेटला जाऊन या. तुमच्यासाठी सेशन थांबत नाही. या कटकटीपायी बऱ्याच मुली पाणीच पीत नाहीत. तसं अजिबात करू नका. शेवटच्या लॅप्समध्ये डोकं जड होतं आणि वळणाआधीची ब्रेक मारायची खूण निघून जाते.

महिला गट सुरुवातीला हवाच, पण तिथेच मुक्काम ठोकू नका. आपल्याच देशाच्या ऐश्वर्या पिस्सेने 2019मध्ये एफआयएम बाहा विश्वचषकात, म्हणजे वाळवंटी, खडकाळ वाटांवरच्या शर्यतींच्या मालिकेत, महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. तिथे गट वेगळा असला तरी वाळू आणि दगड सगळ्यांना तेच असतात. इथे मुलींमध्ये पहिली येऊ लागलात की पुढच्या हंगामात खुल्या गटात नाव द्या. मागून तिसऱ्या आलात तरी हरकत नाही, लॅप टाइम तिथेच उतरतो.