दूरसंचार नियामकांचा प्रशिक्षणवर्ग कसा घ्यावा

दूरसंचार नियामकांसाठी प्रशिक्षणवर्ग आखताना सर्वांत आधी हे ठरवावे की, वर्ग संपेल तेव्हा प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात काय असले पाहिजे. माझ्या मते ते सहा-सात पानांचे, कारणांसह लिहिलेले आणि अपिलात टिकेल असे निर्णयपत्र असावे. इंदूरला रामबागेतल्या एका सभागृहात घेतलेल्या पहिल्या वर्गात मी सुरुवातीचे दोन दिवस कायद्याची कलमे समजावण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी एका काल्पनिक कंपनीचा दरप्रस्ताव समोर ठेवला, तेव्हा तिने दाखवलेला बाजारहिस्सा नेमका कोणत्या क्षेत्राचा आहे, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे: आधी आकडे, मग वाद आणि शेवटी कलमे.

पहिला दिवस ‘संबंधित बाजार’ या कल्पनेला द्यावा. रात्री सर्वांना इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत न्यावे आणि एकच प्रश्न विचारावा: इथल्या सगळ्या खाद्यविक्रेत्यांनी मिळून भाव पाच ते दहा टक्क्यांनी कायमचे वाढवले, तर गिऱ्हाईक शहरातल्या छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीकडे वळेल काय? वळत असेल तर दोन्ही ठिकाणे एकाच बाजारात मोडतात, नसेल तर ते दोन वेगळे बाजार आहेत. हीच कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी दूरसंचाराला लावावी. इंदूरच्या विजयनगरात फायबरचे ब्रॉडबँड आणि मोबाइल डेटा काही प्रमाणात एकमेकांची जागा घेऊ शकतात. झाबुआच्या डोंगरातील ज्या पाड्यावर एकाच कंपनीचा टॉवर पोहोचतो, तिथे पर्याय नसतोच. आपल्याकडे परवान्यासाठी देशाची २२ क्षेत्रे केलेली असून मध्य प्रदेशाच्या क्षेत्रात छत्तीसगडही येते, म्हणून संपूर्ण क्षेत्राच्या सरासरीत इंदूरची चुरस आणि बस्तरची उणीव दोन्ही झाकली जातात. अनेक विकसनशील देशांत असेच घडते: राजधानीत चार कंपन्या भांडत असतात आणि जिल्ह्यात एकच उरते.

बाजाराची सीमा ठरली की एकवटलेपण, म्हणजे बाजार किती थोड्या कंपन्यांच्या हाती आहे, हे मोजायला शिकवावे. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज घेतली की काम झाले. ४०, ३०, २० आणि १० अशा हिश्श्यांची बेरीज १६०० अधिक ९०० अधिक ४०० अधिक १००, म्हणजे ३००० येते. हे गणित अर्ध्या तासात उरकावे, परंतु हिस्सा ग्राहकसंख्येवर मोजला की महसुलावर, आणि बंद पडलेली सिम कार्डे त्यात धरली आहेत का, या प्रश्नांवर मात्र घाई करू नये, कारण कंपन्या आपल्या सोयीचा आकडा नेमका इथेच निवडतात.

सर्वांत जास्त वेळ आंतरजोडणीला, म्हणजे एका कंपनीचे कॉल दुसरीच्या जाळ्यात पोहोचवणाऱ्या जोडणीला द्यावा. पाच दिवसांचा वर्ग असेल तर दीड दिवससुद्धा जास्त नाही. समजा, मोठ्या कंपनीकडे ४० टक्के ग्राहक आहेत, नव्या कंपनीकडे ५ टक्के आहेत आणि कॉल ग्राहकांच्या प्रमाणात विखुरलेले आहेत. दोघांमधील जोडणी अपुरी पडली, तर नव्या कंपनीच्या ग्राहकाचे शंभरातील ४० कॉल धोक्यात येतात, तर मोठ्या कंपनीच्या ग्राहकाचे केवळ ५. जोडणी लांबवण्यात कोणाचा फायदा आहे, हे सहभागींनी स्वतः फळ्यावर काढले की पुढचे सारे आपोआप उलगडते. त्यानंतर २०१६ चे प्रकरण वाचायला द्यावे: जिओने बाजारात प्रवेश केल्यावर जोडबिंदू, म्हणजे दोन कंपन्यांची जाळी जिथे जोडली जातात ती ठिकाणे, अपुरे मिळाल्याची तक्रार आली, हजारात पाचपेक्षा अधिक कॉल अडता कामा नयेत या निकषाशी आकडे ताडून पाहिले गेले, आणि ट्राय या भारताच्या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबरमध्ये तीन जुन्या कंपन्यांवर एकूण ३०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. वर्गाचे दोन गट करून एकाला जुन्या कंपनीची आणि दुसऱ्याला नव्या कंपनीची बाजू मांडायला लावावी, आणि जेवणानंतर बाजू बदलावी. कॉल करणाऱ्याच्या कंपनीने कॉल घेणाऱ्याच्या कंपनीला द्यायच्या जोडणीशुल्काचाही असाच अभ्यास करावा: मोबाइलवरून मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे हे शुल्क २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे होते, ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ पैसे झाले आणि जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. प्रत्येक टप्प्यावर कोणाचे पैसे कोणाकडे जायचे थांबले, हे सहभागींनी लिहून द्यावे.

चौथ्या दिवशी निर्णय लिहिण्याची पद्धत घ्यावी, आणि ती अपयशांवरून शिकवावी. तुटलेल्या कॉलसाठी ग्राहकाला एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत, असा नियम ट्रायने केला होता. हेतू ग्राहकहिताचा असूनही मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी, अवाजवी आणि अपारदर्शक ठरवून रद्द केला. ट्राय कायद्याच्या कलम ११ मधील पारदर्शकतेची अट या निकालाशेजारी ठेवून वाचावी, म्हणजे कलम कोरडे वाटत नाही. बाजारात प्रबळ कोण हे ठरवण्याचे निकष बदलणारा फेब्रुवारी २०१८ चा दरआदेशही त्याच वर्षीच्या डिसेंबरात दूरसंचार अपील न्यायाधिकरणाने त्या निकषांपुरता मोडीत काढला. हे दोन्ही निर्णय वाचून सहभागींनी सांगावे की, कोणते कारण कागदावर यायला हवे होते आणि कोणत्या हरकतीला उत्तर दिलेच गेले नाही. विचारपत्र, त्यावरील मते, प्रतिमते आणि खुली चर्चा हा निर्णयाआधीचा ट्रायचा क्रम मला फार मोलाचा वाटतो, म्हणून वर्गातल्या लुटुपुटीच्या प्रकरणातही त्यातली एकही पायरी गाळू नये.

स्पर्धा आयोग आणि दूरसंचार नियामक यांच्या अधिकारांची सीमा थोडक्यात सांगावी: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या निकालानुसार तांत्रिक व परवान्यासंबंधीचे मुद्दे आधी ट्रायने ठरवायचे आणि आयोगाची पाळी त्यानंतर येते. आफ्रिकेतील सहभागी असतील तर केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचा विषय जरूर काढावा, कारण तिथे दूरसंचारातील वर्चस्व पैशांच्या देवघेवीपर्यंत पोहोचले आणि एकट्या नियामकाला तो प्रश्न पेलणारा नव्हता.

खर्चासाठी कोणत्याही परवानाधारक कंपनीकडून पैसे, भेटवस्तू किंवा वक्ता घेऊ नये. कंपनीची बाजू ऐकायची असेल तर निवृत्त अभियंत्याला बोलवावे. शेवटच्या दुपारी प्रत्येकाने आपल्या कार्यालयातील एका प्रलंबित प्रकरणासाठी कंपनीकडून मागवायच्या माहितीचे पत्र लिहावे, त्यात आकड्याचा कालावधी, क्षेत्र आणि मोजण्याची पद्धत स्पष्ट नोंदवावी, आणि तीन महिन्यांनी आलेले उत्तर वर्गातील दोन सहकाऱ्यांना तपासायला पाठवावे.