ही गाडी मुक्कामी आहे का? एसटीने नाणेघाट चढताना

"सातला गाडी येते," असं टपरीवाल्याने सांगितलं होतं, आणि ती आली अगदी सातला. अकोले तालुक्यातली एक वाडी, आम्ही तिघी, गुडघे बोलायला लागलेले. ड्रायव्हरने गाडी वळवून तोंड रस्त्याकडे केलं, इंजिन बंद केलं, आणि कंडक्टरने मागच्या सीटवरून वळकटी काढली. "कुठं निघालात ताई? ही मुक्कामी हाये. सकाळी सहाला सुटंल." टपरीवाला खोटं बोलला नव्हता. गाडी येते का एवढंच मी विचारलं होतं. जाते का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

ती रात्र देवळाच्या ओवरीत काढली. पिठलं-भाकरी मिळाली, थंडीही मिळाली. तेव्हापासून कुठल्याही पायथ्याच्या गावात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही मुक्कामी आहे का?"

मी डोंबिवलीची, शाळेच्या ऑफिसात नोकरी. गाडी चालवता येत नाही आणि आता या वयात शिकायचीही नाही. वीसेक वर्षं एसटीनेच डोंगर चालते आहे. लोक कीव करतात, पण खरं सांगू का, स्वतःची गाडी पायथ्याला लावली की संध्याकाळी त्याच पायथ्याला उतरावं लागतं. एसटीवाल्याला तसं बंधन नाही. एकीकडून चढा, दुसरीकडे उतरा, तिथल्या गाडीने घरी या. त्यासाठी नाणेघाटासारखी जागा नाही, कारण ती वाटच मुळात कल्याणहून जुन्नरला जायची आहे. व्यापारी तिथून दोन हजार वर्षांपूर्वी मालाचे बैल नेत होते. आपण फक्त दोन्ही टोकांना एसटी जोडायची.

आखणी उलटीकडून करायची. आधी माथ्यावरच्या घाटघर गावाहून जुन्नरला जाणारी दुपारची गाडी पक्की करायची, मग तिच्यामागे मोजत यायचं. घाटमाथ्यावरून घाटघर गाव तासाभराची आरामाची चाल, त्याआधी गुहेत आणि जेवणात दीड तास, त्याआधी चढाई तीन तास, त्याआधी कल्याणहून दोनेक तासांचा प्रवास. एवढं मोजलं की घरातून पहाटेच निघायला हवं हे आपोआप कळतं. आमच्याकडे डोंबिवली स्टेशनावर पहाटेची लोकल पकडून कल्याण, आणि स्टेशनाला लागूनच एसटी स्टँड.

वेळा कुठे बघायच्या? मोबाइलवर आरक्षणाच्या लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, घाटघरसारख्या गावची फेरी तिथे बघून ठरवू नका. जुन्नर स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारा आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. विचारताना तीन गोष्टी एका दमात विचारायच्या: रविवारी येते का, शाळेला सुट्टी असली तरी येते का, आणि मुक्कामी आहे का. मधला प्रश्न लोक विसरतात. खेड्यातल्या पुष्कळ फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांच्या वेळेवर बांधलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत नि मे महिन्यात पोरं घरी आणि गाडीही घरी.

आता कल्याणचा स्टँड. मुरबाड, टोकावडे, वैशाखरेमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी कोणतीही गाडी चालते: जुन्नर, आळेफाटा किंवा अहिल्यानगर. पण चढण्याआधी दारातच कंडक्टरला विचारायचं, "वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या पाटीला थांबाल ना?" तिकीट फाडल्यावर विचारलं तर उत्तर बदलतं. तिकीट सहा किलोमीटरच्या टप्प्याने असतं, त्यामुळे पाटीपाशी उतरलात तरी पैसे पुढच्या टप्प्याचे पडू शकतात. त्यावरून वाद घालायचा नाही. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मी तर टप्प्याच्या बाबतीत तोंडच उघडत नाही. आता मशिनवर मोबाइलने पैसे देता येतात, पण डोंगराच्या आडोशाला रेंज गेली की कंडक्टर आणि तुम्ही दोघंही त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसता. सुट्टे ठेवा.

पाटी यायच्या आधीच उठून दारापाशी जा. एक बेल, गाडी थांबते, तुम्ही उतरता, दोन बेल, आणि मागे डिझेलचा वास नि एकदम शांतता. हा क्षण मला फार आवडतो.

पहिला पाऊण-एक तास झाडीतून जवळजवळ सपाट चाल आहे. ओढा ओलांडावा लागतो; पावसाळ्यात तो फुगलेला असला तर मुकाट्याने परत फिरा, हमरस्ता जवळच असतो. मग चढ लागतो आणि जुने दगड लावलेली, घासून गुळगुळीत झालेली वाट. सकाळी लवकर या म्हणते त्याचं खरं कारण इथे कळतं. घाटाचं तोंड पश्चिमेला, म्हणून सूर्य कड्याच्या मागे असतो आणि सकाळी बराच वेळ चढ सावलीत राहतो. अकराला पायथ्याला पोचलात तर कोकणातला दमट उकाडा आणि डोक्यावर ऊन, दोन्ही मिळतात. डावीकडे-उजवीकडे बघण्यापेक्षा मान वर करून नानाचा अंगठा दिसतोय का बघा. त्या पुढे आलेल्या कड्याच्या बगलेतूनच वाट वर निघते.

माथ्याच्या जरा खाली गुहा. भाजीपोळीचा डबा उघडण्याआधी आत जाऊन भिंती बघा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे: कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, सगळं आकड्यांसकट. ऑफिसात आयुष्यभर पावत्या फाडल्यामुळे असेल, पण मला तो लेख हिशेबाच्या वहीसारखा वाटतो. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावं कोरलेली. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. अक्षरांवर हात फिरवू नका आणि पाणी तर मुळीच मारू नका. फोटोत उठून दिसावं म्हणून पाणी मारणारे महाभाग मी पाहिलेत.

खिंडीतून वर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. इथे वारा असा असतो की टोपी हातातच बरी.

पुढे जीवधन किल्ला खुणावतो, शेजारी वानरलिंगीचा सुळका. त्याच दिवशी जीवधन करायचा मोह टाळा. कल्याण दरवाज्याची वाट म्हणजे कड्यातल्या पायऱ्या आणि मध्ये अवघड टप्पा, आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे. पडायला एवढं पुरतं. तो दुसऱ्या खेपेला, घाटघरला मुक्काम करून.

घाटघरच्या थांब्यावर अर्धा तास आधी पोचा. गाडी वेळेआधी येऊन वेळेआधी सुटल्याचं मी पाहिलंय, उशिराही पाहिलंय. या वेळात करायचं काम एकच: घामाचा शर्ट बदलणे. बाजाराला निघालेल्या नऊवारीतल्या आजीशेजारी आपण बसणार असतो. चिखलाचे बूट असतील तर पिशवीत घालून चपला चढवा, आणि सॅक मांडीवर किंवा वरच्या फळीवर, वाटेत कधीही नाही. गाडी चुकलीच तर रस्त्याच्या कडेला उभं राहून जीप, दुधाचा टेम्पो, शहराकडे परतणारे पर्यटक यांना हात करा. मी एकटी असते तेव्हा फक्त ज्या गाडीत बायका असतात तिलाच हात करते.

जुन्नरला पोचलात की जीव भांड्यात. पुणेकरांना नारायणगावपर्यंत आलं की पुणे-नाशिक रस्त्यावर गाड्याच गाड्या. आम्हा कल्याणकडच्यांनी थेट गाडी बघायची, नसली तर आळेफाटा गाठायचा. नगरकडून कल्याणला येणाऱ्या सगळ्या तिथूनच जातात. अजून दोन तास हातात असतील तर स्टँडवरून चालत शिवनेरी होतो, पण खरं म्हणजे तेव्हा मिसळच खाल्ली जाते.

हीच रीत इतरत्रही चालते. पुण्याच्या दमदार लोकांनी गुंजवणेतून राजगड चढावा, संजीवनी माचीवरून तोरण्याला जाऊन वेल्ह्यात उतरावं. वेल्हे ते स्वारगेट एसटी आहे, पण एका दिवसात करायचं तर पहाटे राजगडाच्या पायथ्याशीच उजाडायला हवं. हरिश्चंद्रगडासाठी माळशेज ओलांडून खुबी फाट्याला उतरा आणि धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठा. रस्त्याने गेलेल्यांना ती भिंत चुकते, आणि हिवाळ्यातल्या सकाळी पाण्यावरची वाफ बघण्यासारखी असते.

परतीची गाडी माळशेज उतरते तेव्हा बहुतेक अंधारलेलं असतं. सगळी गाडी पेंगत असते. मी मात्र वैशाखऱ्याच्या अलीकडे खिडकीला नाक लावून बसते. दिव्यांच्या झोतात सकाळची ती पाटी एकदा दिसते, आणि लगेच मागे जाते.