खुर्चीच्या पाठीची कमान: कापायची की वाकवायची?

खुर्चीच्या पाठीची कमानदार पट्टी मध्यावर क्वचितच मोडते. मोडते ती टोकाजवळ, कुसवापासून (पट्टीचं खाचेत बसणारं टोक) दोन-तीन बोटांवर. ४५ सेंमी लांब, मध्यावर ५ सेंमी खोल आणि २ सेंमी जाड कमान घ्या. त्रिज्या सुमारे ५३ सेंमी येते. ती सरळ फळीतून कापली, तर मध्यावर लाकडाचे तंतू कमानीबरोबर जातात, पण टोकाला २५ अंशांनी तिरपे पडतात. तिथे अखंड तंतू जेमतेम ५ सेंमीचा उरतो. कोणी जोरात रेललं की तिथेच तडा जातो. खोली २ सेंमी असेल तर हाच कोन १० अंशांवर येतो. तेवढी कमान सागवानातून खुशाल कापा.

कापताना चौकोनी ठोकळ्यावर आधी कुसू, मग कमान. एकदा गोलाई आली की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) टेकवायला सरळ बाजूच राहत नाही. आखायला बांबूचं कांबट तीन खिळ्यांना टेकवून वाकवा. कांबटात पेर असेल तर तिथे कमानीला कोपरा येतो, म्हणून ते तासून सारख्या जाडीचं करा. रंधा फुगीर बाजूला मध्यापासून टोकांकडे मारायचा, खोलगट बाजूला टोकांकडून मध्याकडे. उलटा मारलात तर तंतू उपटून निघतात.

५ सेंमी खोलीला पट्ट्या चिकटवणंच योग्य. एकाच फळीतून ३ मिमीच्या ७ पट्ट्या काढा, लांबी ५५ सेंमी, आणि निघाल्या त्याच क्रमाने आकडे टाका. सुटल्यावर कमान थोडी उघडते, म्हणून ज्यावर पट्ट्या वाकवून आवळायच्या त्या साच्याची खोली साडेपाच सेंमी धरा. साच्यावर प्लॅस्टिक अंथरा. आधी गोंदाशिवाय सगळं आवळून बघा. फट इथे दिसली तर दुरुस्त होते, गोंदानंतर नाही. मग फेव्हिकॉल दोन्ही अंगांना पातळ लावा आणि दर १० सेंमीवर एक क्लॅम्प, मध्यापासून टोकांकडे. टोकं आधी आवळली की मध्ये पोकळी राहते. २४ तास हात लावू नका. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात दोन दिवस. साच्यातून काढण्याआधी साच्याची सरळ रेघ पट्टीवर उतरवून घ्या, कुसवाचे खांदे तिच्यावरूनच आखता येतात.

वाफेवर वाकवायचं तर २५ मिमी जाडीला १ तास वाफ द्या आणि बाहेर काढताच अर्ध्या मिनिटात साच्यावर न्या. वाफेने मऊ झालेलं लाकूड वळणाच्या आतल्या अंगाला दबतं, बाहेरच्या अंगाला मात्र फारसं ताणलं जात नाही. बाहेरच्या अंगाला पत्र्याची पट्टी आवळली नाही तर ते तिथे फाटतं. भट्टीत वाळवलेलं लाकूड यासाठी घेऊच नका.

सगळ्यात भक्कम कमान झाडावरच तयार होते. मिरजेत सतारीचा भोपळा निसर्गाच्याच घेराचा वापरतात, तसंच हे. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बांधांवरची वाकडी बाभळीची फांदी घ्या. त्यात तंतू वळणाबरोबरच वळलेले असतात. साल लगेच काढा, तिच्याखाली भुंगा पोसतो. टोकांना रंग फासून सावलीत वाळवा; २५ मिमी जाडीला साधारण वर्ष लागतं. वाळवण्याआधीच फांदी मधोमध उभी चिरून गाभा काढून टाका, नाहीतर ती टोकाकडून फाटत येते. चिरलेल्या दोन्ही अर्धांचं वळण सारखं निघतं: एक खुर्चीच्या डाव्या हाताला, दुसरा उजव्या.