एआय कोडिंग मदतनिसाचा प्लॅन घेण्याआधी आपलं काम मोजा

कुडाळात बसून मी छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. आंबा बागायतदाराच्या पेट्यांचा हिशेब, तारकर्लीतल्या होमस्टेचं बुकिंग, काजू कारखान्याचा हजेरीपट अशी कामं. हल्ली कॉलेजची मुलं आणि दुकान सांभाळून कोडिंग शिकणारे मित्र भेटले की एकच प्रश्न असतो: कोडिंगसाठी कुठला एआय घेऊ? कंपनीचं नाव सांगण्याआधी मी त्यांना विचारतो, तुमचं काम महिन्याला किती आणि कसलं? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू या.

पंधरा दिवस फुकटात काढा

पहिले पंधरा दिवस पैसे भरू नका. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या कोपायलट नावाच्या मदतनिसाचा मोफत प्लॅन डिसेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यात महिन्याला २००० वेळा कोड पूर्ण करून मिळत होता आणि ५० वेळा चॅट करता येत होतं. शिकणाऱ्याला अंदाज घ्यायला एवढं पुरतं. बाकीच्या बहुतेक कंपन्यांकडेही काही ना काही फुकट असतंच.

तुम्ही विद्यार्थी असाल तर थांबा. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात असा, नाहीतर रत्नागिरीच्या एखाद्या कॉलेजात, गिटहबवर विद्यार्थी म्हणून ओळख पटवली की कोपायलट मोफत मिळतो. कॉलेजचा ईमेल किंवा ओळखपत्र लागतं. घरच्यांचे पैसे खर्च करण्याआधी हा अर्ज भरा.

या पंधरा दिवसांत एक वही ठेवा. रोज काय मागितलं, उत्तर चाललं की फेकून द्यावं लागलं, एवढंच लिहा. मागणी कुठल्या प्रकारची होती तेही लिहा, कारण खर्च त्यावरच ठरतो. तुम्ही अर्धी ओळ लिहिता आणि तो पुढची सुचवतो, हे सगळ्यांत स्वस्त काम. प्रश्न विचारून उत्तर घेणं त्याहून महाग. आणि एजंटला, म्हणजे टप्प्याटप्प्याने स्वतःच काम करणाऱ्या एआयला, अख्खा फोल्डर देऊन ‘हे बुकिंगचं पान दुरुस्त कर’ म्हणणं सगळ्यांत महाग. एजंट आधी फाइली वाचतो, बदल करतो, प्रोग्रॅम चालवतो, चूक दिसली की पुन्हा बदलतो. तुम्ही हुकूम एकदाच सोडलेला असतो, पण मागे मॉडेलला, म्हणजे उत्तर देणाऱ्या एआयच्या मेंदूला, वीस-वीस वेळा विचारणा होते. ‘दोन दिवसांत मर्यादा संपली’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

मराठीतून सूचना देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतं, आणि देवनागरीतल्या वाक्याला त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा सहसा जास्त टोकन लागतात. पण म्हणून मराठी सोडू नका. अडलेली गोष्ट आपल्या भाषेत नेमकी सांगता येते, आणि नेमकी सूचना एका फेरीत काम उरकते. फक्त लांबलचक मराठी मजकूर पुन्हा पुन्हा चिकटवू नका.

सगळ्यांची एकच परीक्षा घ्या

दोन-तीन मदतनीस पाहायचे तर तिघांना एकच काम द्या, आणि ते तुमच्या धंद्यातलं असू द्या. माझी परीक्षा आंब्याच्या बिलाची. एकाच बिलात पाच डझनी आणि सहा डझनी पेट्या, बागायतदाराने आधी घेतलेली उचल वजा, आणि शेवटी शिल्लक. दिसायला सोपं, पण यात तारखेचा सापळा आहे. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे. अमेरिकी पद्धतीने वाचलं तर ५ एप्रिल. दोन्ही दिवस हंगामातलेच, त्यामुळे चूक नजरेला येत नाही आणि एप्रिलचा भाव मेच्या पेटीला लागतो. एप्रिल आणि मे यांच्या भावात किती फरक पडतो हे देवगड-रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको. जो मदतनीस तारखेबद्दल आधी विचारतो, किंवा निदान ‘मी दिवस-महिना-वर्ष असं धरलं आहे’ असं लिहून देतो, तो माझ्या कामाचा. उत्तर किती वेगाने आलं याला मी फार कमी गुण देतो.

आता भाव

कोपायलट जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला तेव्हा त्याचा दर महिना १० डॉलर होता. २०२५ मध्ये कर्सर प्रो, क्लॉड प्रो आणि चॅटजीपीटी प्लस हे इतर मदतनिसांचे प्लॅन महिना २० डॉलरच्या घरात होते, आणि दिवसभर एजंट चालवणाऱ्यांसाठी १०० आणि २०० डॉलरचे प्लॅनही होते. भाव आणि मर्यादा वारंवार बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी कंपनीचं स्वतःचं पान वाचा. मर्यादा मोजायची रीतही प्रत्येकाची निराळी. कुठे महिन्याचा कोटा, कुठे ठरावीक रकमेची क्रेडिट, तर क्लॉडमध्ये दर पाच तासांची मर्यादा आणि २०२५ पासून वर आठवड्याचीही. तुम्ही फक्त शनिवार-रविवारी बसणार असाल तर पाच तासांची मर्यादा टोचते. रोज तासभर बसणाऱ्याला ती जाणवतही नाही.

वही उघडा आणि जुळवा. ओळ पूर्ण करणं आणि थोडे प्रश्न, एवढंच असेल तर मोफत किंवा १० डॉलरचा प्लॅन पुरे. आठवड्यातून तीन-चार दिवस एजंट लागत असेल तर २० डॉलरचा. १०० डॉलरचा प्लॅन ज्याला गिऱ्हाइकाकडून दरमहा पैसे येतात त्यानेच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. महिन्यातून दोनदाच मोठं काम निघत असेल तर एपीआयची किल्ली (मॉडेल थेट वापरायचा गुप्त कोड) घेऊन वापराप्रमाणे पैसे भरणं परवडतं, पण तिथे खर्चाची वरची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला.

वीस डॉलर म्हणजे नक्की किती?

डॉलर ९० रुपये धरला तर १८०० रुपये वाटतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की २१२४. कार्डाने परदेशी चलनात पैसे भरले तर बँक वर आपला आकार घेते. तो साडेतीन टक्के धरला आणि त्यावरचा जीएसटी मिळवला तर सुमारे २२१२ रुपये होतात. कंपनी रुपयांत दर दाखवत असेल किंवा यूपीआय घेत असेल तर आधी तो पर्याय बघा. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर आपला नंबर बिलिंगच्या पानावर भरा आणि पुढचं आपल्या सीएला विचारा.

कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहारांची बटणं असतात, ती बंद असतील तर आधी चालू करा. दरमहा आपोआप पैसे कापायचे तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे सुरुवातीला ओटीपीने संमती द्यावी लागते, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँक तुम्हाला कळवते. जून २०२२ मध्ये विनाओटीपी कपातीची मर्यादा १५,००० रुपये झाली. वरच्याच हिशेबाने २०० डॉलरचा प्लॅन त्यापलीकडे जातो. हा कपातीचा निरोप घरच्यांच्या फोनवर जात असेल तर आधी सांगून ठेवा. आमच्याकडे वडिलांनी विचारलं होतं, “दर म्हयन्याक ह्ये पैशे खंय जातत?” मी वही दाखवली आणि त्यांना पटलं.

वर्षाचा की महिन्याचा?

महिन्याचा. मी एकदा मे महिन्यात सवलत बघून वर्षाचे पैसे भरले. पावसाळ्यात गिऱ्हाइकांची कामं थांबली, जुलैपर्यंत मी दुसऱ्याच मदतनिसाकडे वळलो होतो, आणि भरलेले पैसे तसेच पडून राहिले. आपल्याकडचं काम हंगामी असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि डिझेल कोणी भरून ठेवत नाही. दोन महिने काम नसेल तर प्लॅन रद्द करा, गणपतीनंतर पुन्हा घ्या.

पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, आणि हे मदतनीस इंटरनेटशिवाय चालत नाहीत. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर ओलामा (लॅपटॉपवरच मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून क्वेन कोडर नावाचं ७ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे छोट्या आकाराचं, मॉडेल उतरवून ठेवा. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास आहे, ते मे महिन्यातच उरकावं. मोठ्या मॉडेलची सर त्याला नाही, पण वादळी रात्री एखादं फंक्शन लिहून देतं.

घेतल्यावर पहिल्या तासात

सेटिंगमध्ये जाऊन माझा कोड प्रशिक्षणासाठी वापरू नये, हा पर्याय शोधून निवडा. एजंटला फोल्डर देण्याआधी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमिट करून आताची प्रत जपा, म्हणजे त्याने काही बिघडवलं तर मागे येता येतं. होमस्टेच्या पाहुण्यांची खरी नावं, फोन नंबर आणि आधारच्या प्रती त्या फोल्डरमध्ये असू नयेत. चाचणीसाठी खोटी माहिती बनवा. पाहुण्यांनी ती माहिती तुमच्या भरवशावर दिलेली असते, आणि तिच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. पासवर्ड आणि किल्ल्या वेगळ्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल एजंटला वाचू देऊ नका.

शेवटी, नूतनीकरणाच्या तीन दिवस आधीची आठवण फोनवर लावा. रद्द करायचं तर एडिटरमधून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) मदतनिसाचं एक्स्टेन्शन काढून भागत नाही, पैसे कापले जातच राहतात. कंपनीच्या बिलिंगच्या पानावर जाऊन रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा, आणि मग बँकेच्या ॲपमध्ये दिलेली कायमची संमतीही काढून टाका.