कावीच्या नक्षीचा स्वेटर: दोन रंगांचं गोल विणकाम पहिल्यांदा करताना

गळ्याभोवती गोल फिरणारी दोन रंगांची नक्षी पाहिली की वाटतं, हे आपल्याला जमायचं नाही. पण मोजून बघा. खाली दिलेल्या स्वेटरात दोन रंगांच्या ओळी सगळ्या मिळून १३ आहेत. बाकीचा स्वेटर एकरंगी, आणि गोल विणल्यामुळे काठ सोडले तर सगळा सुलट टाक्यांचा. नवशिक्यांचा असा स्वेटर बिघडतो तो दोन कारणांनी: टाक्यांची संख्या नक्षीला भाग जात नाही, किंवा वापरात नसलेल्या रंगाचा, मागून जाणारा धागा ओढला जाऊन कापड आवळतं. पहिला हिशेब इथे जुळवून दिला आहे. दुसऱ्याचा सराव तुम्हालाच करावा लागेल.

आता नेहमीचा प्रश्न: गोव्यात स्वेटर घालणार कोण? पणजीत खरंच कोणी नाही. वाळपई-सत्तरीकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लहान मुलांना तो लागतो, बेळगावला किंवा पुण्याला नातेवाइकांकडे गेलं की लागतो, आणि इंग्लंडमध्ये स्विंडनला राहणाऱ्या नातवंडांना तर वर्षातले कितीतरी महिने लागतो. म्हणून हा स्वेटर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा धरला आहे. मोठ्या माणसाचा स्वेटर पहिल्यांदाच घ्यायला मी सांगणार नाही. अर्ध्यात कंटाळा येतो.

नक्षी आणि रंग

नक्षी कावीवरून, म्हणजे भिंतीवरच्या जुन्या चित्रकामावरून, सुचलेली आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो खरवडायचा. खालचा चुना उघडा पडतो आणि तांबड्यात पांढरं चित्र उमटतं. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांत, घरांत हे काम अजून बघायला मिळतं. रंग दोनच, तरी भिंत भरलेली. दोन रंगांच्या विणकामालाही तेवढंच लागतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचं बेट आहे, तिथले स्वेटर सात-आठ रंगांचे दिसतात. पण एकेक ओळ निरखली तर तिच्यात सहसा दोनच रंग सापडतात. तिसरा रंग पुढच्या ओळीत येतो.

रंग तुमच्या आवडीचे घ्या, फक्त एक गडद आणि एक फिका असू द्या. शंका असेल तर दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. तांबडा आणि गडद हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, फोटोत दोघेही सारख्याच करड्या रंगाचे निघतात. तशी नक्षी चार हातांवरून दिसत नाही.

सामान

मध्यम जाडीची लोकर: पांढरी २५० ग्रॅम, तांबडी ५० ग्रॅम. मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात बहुतेक ॲक्रिलिकच मिळते आणि पहिल्या स्वेटरला ती चालते. धुवायला सोपी, मुलाला टोचतही नाही. सुती धागा मात्र घेऊ नका. आपल्या हवेला सूत बरं, हे खरं. पण त्याला ताण नसतो, टाके एकमेकांना धरून राहत नाहीत आणि दोन रंगांच्या कामातली प्रत्येक चूक त्यात उठून दिसते. सूतच हवं असेल तर सूत-ॲक्रिलिक मिश्र धागा बघा. पांढरी लोकर एकाच वेळी सगळी घ्या, आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर सारखा आहे ना हे दुकानातच तपासा. पांढऱ्यातही छटा असतात.

तांबड्या लोकरीची एक परीक्षा घरी आल्याबरोबर करा. वीतभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळा, घट्ट दाबा आणि वाळू द्या. फडक्याला रंग लागला तर तो गुंडा दुसऱ्या कामाला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

सुया गोल लागतील, म्हणजे मधे लवचिक दोरी असलेल्या. आपल्याकडचे सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अंगासाठी ८ नंबर (४ मिमी), काठासाठी १० नंबर (३.२५ मिमी). गळ्याला ४० सेंमी लांबीची गोल सुई, अंगाला ६० सेंमीची. बाहीसाठी मोजे विणतात तशा दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांचा संच, दोन्ही नंबरांचा. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात विणणार असाल तर बांबूच्या सुया घ्या. घामेजलेल्या हातात धातूच्या सुईवरून टाके सारखे सटकतात.

आधी नमुन्याचा तुकडा

१० सेंमी रुंदीत २० टाके आणि १० सेंमी उंचीत २८ ओळी बसल्या पाहिजेत. ८ नंबरच्या गोल सुईवर ३२ टाके घाला. सुलट ओळ विणा, पण काम उलटवू नका. टाके सरकवून सुईच्या दुसऱ्या टोकाला आणा, धागा मागून सैल सोडा आणि पुन्हा सुलटच विणा. स्वेटर गोल विणायचा असल्यामुळे तुकडाही सगळा सुलट टाक्यांचा हवा. बहुतेकांचा हात उलट टाक्यांना सैल किंवा घट्ट पडतो. अर्धा तुकडा पांढरा, अर्ध्यात पुढे दिलेली चौकडी (ओळ १४ ते १७). मधल्या भागात मोजा. २० ऐवजी २२ टाके आले तर जाड सुई (७ नंबर), १८ आले तर बारीक (९ नंबर). चौकडीचा भाग पांढऱ्यापेक्षा अरुंद आला तर नक्षीच्या ओळींपुरती एक नंबर जाड सुई घ्यायची, एवढंच. तुकडा टाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण १० सेंमीमागे दोन टाके जास्त बसले तर छाती ६४ ऐवजी ५८ सेंमीची होईल, आणि पाच वर्षांच्या मुलाला तो स्वेटर चढायचा नाही.

दोन धागे कसे धरायचे

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ द्या.

दोन्ही धागे हातात धरण्याची घाई नको. लागेल तो रंग उचला, विणा, सोडा, दुसरा उचला. हळू होतं, पण पहिल्या स्वेटरला हेच बरं. नियम एकच पाळा: तांबडा नेहमी खालून उचला, पांढरा नेहमी वरून. मधेच अदलाबदल करायची नाही. याने दोन फायदे होतात. धागे एकमेकांत पिळत नाहीत, आणि खालून येणाऱ्या रंगाचे टाके किंचित मोठे पडत असल्यामुळे नक्षी उठावदार दिसते. निम्म्यातून क्रम बदलला तर निम्मी नक्षी फिकी पडल्यासारखी दिसते आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

मागचा धागा सैल ठेवायची युक्ती अशी. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे नुकते विणलेले टाके बोटाने पसरवा, कापड सपाट होईपर्यंत. मग नवा धागा त्यांच्या मागून न्या आणि पहिला टाका विणा. धागा नुसता टेकलेला हवा, ना लोंबणारा ना ताणलेला. तरीही आवळत असेल तर काम आतून बाहेर उलटवून, म्हणजे नक्षीची बाजू पोकळीच्या आत ठेवून विणा. मागच्या धाग्याला बाहेरचा लांब रस्ता धरावा लागतो आणि तो आपोआप सैल पडतो.

पाच टाक्यांहून लांब धागा मागे सोडला तर मुलाचं बोट त्यात अडकतं. इथल्या नक्षीत एकही धागा पाचापुढे जात नाही, त्यामुळे मधे अडकवायची भानगड नाही.

गळा आणि नक्षी

हा स्वेटर गळ्यापासून खाली विणायचा. ८ नंबरच्या सुईने पांढऱ्या लोकरीचे ८० टाके सैल घाला, ते १० नंबरच्या गोल सुईवर घ्या. टाके सुईवर पिळले नाहीत ना, हे नीट बघा आणि मगच गोल जोडा. पीळ राहिला तर उसवण्याशिवाय इलाज नाही. जोडाशी वेगळ्या रंगाच्या धाग्याचा फास अडकवा. ही ओळीची सुरुवात. एक सुलट एक उलट अशा ६ ओळी, मग ८ नंबरची सुई. इथे थांबून गळा मुलाच्या डोक्यातून जातो का बघा.

टाका वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचला आणि मागच्या बाजूने सुई घालून सुलट विणा, म्हणजे भोक पडत नाही. वाढवण्याच्या ओळी नेहमी एकरंगी पांढऱ्या.

ओळ १, २: पांढरी.
ओळ ३: दर ५ टाक्यांनंतर १ वाढवा. झाले ९६.
ओळ ४, ५: पांढरी.
ओळ ६: १ तांबडा, ३ पांढरे, असंच शेवटपर्यंत.
ओळ ७: पांढरी.
ओळ ८: २ पांढरे, १ तांबडा, १ पांढरा.
ओळ ९, १०: पांढरी.
ओळ ११: दर ३ टाक्यांनंतर १ वाढवा. झाले १२८.
ओळ १२, १३: पांढरी.
ओळ १४, १५: २ तांबडे, २ पांढरे.
ओळ १६, १७: २ पांढरे, २ तांबडे.
ओळ १८, १९: पांढरी.
ओळ २०: दर ४ टाक्यांनंतर १ वाढवा. झाले १६०.
ओळ २१, २२: पांढरी.
ओळ २३: ३ पांढरे, १ तांबडा, ३ पांढरे, १ तांबडा.
ओळ २४: २ पांढरे, ३ तांबडे, ३ पांढरे.
ओळ २५: १ पांढरा, ५ तांबडे, २ पांढरे.
ओळ २६: ३ तांबडे, १ पांढरा, ३ तांबडे, १ पांढरा.
ओळ २७: २५ प्रमाणे. ओळ २८: २४ प्रमाणे. ओळ २९: २३ प्रमाणे.
ओळ ३०, ३१: पांढरी.
ओळ ३२: दर ५ टाक्यांनंतर १ वाढवा. झाले १९२.

आधी ठिपके, मग कुणबी साडीची आठवण देणारी चौकडी, मग आठ-आठ टाक्यांचे २० शंकरपाळे. वाढवण्याच्या प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. एक टाका कमी-जास्त असेल तर नक्षीच्या शेवटच्या घरात कळतं, आणि तोवर अख्खी ओळ विणून झालेली असते. ओळीच्या सुरुवातीला नक्षी एका ओळीची पायरी चढल्यासारखी दिसेल. गोल विणताना ते होतंच. ती जागा पाठीकडे येणार आहे, सोडून द्या. शंकरपाळा संपला की तांबडा धागा वीतभर ठेवून कापा.

या तिन्ही नक्ष्या वरून-खालून सारख्या आहेत. पुढे कधी कावीतला मोर किंवा कमळ घ्यावंसं वाटलं तर ग्राफ उलटा धरून वाचावा लागेल, कारण आपण वरून खाली येतोय.

आता काठ सोडून गळ्यापासून १६ सेंमी होईपर्यंत साधं पांढरं विणा. वरच्या ३२ धरून साधारण ४५ ओळी होतात.

बाह्या वेगळ्या करणे

सुरुवातीच्या खुणेपासून ४० टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवा (बाही), त्यांच्या जागी सुईवर ८ नवे टाके घाला (काख), ५६ विणा (पुढचा भाग), पुन्हा ४० दोऱ्यात, ८ नवे, उरलेले ५६ विणा (पाठ). सुईवर १२८ टाके, म्हणजे छाती ६४ सेंमी. काखेपासून १९ सेंमी सरळ विणा, मग १० नंबरच्या सुईने ४ सेंमी काठ, एक सुलट एक उलट. टाके सैल हाताने बंद करा.

बाहीला दोऱ्यातले ४० टाके ८ नंबरच्या सुयांवर घ्या आणि काखेतून ८ उचला. कोपऱ्यात भोक दिसत असेल तर ८ ऐवजी १० उचलून पुढच्या ओळीत कडेचे दोन-दोन एकत्र विणा. ४८ टाके झाले की काखेच्या मध्याशी खूण ठेवा आणि दर आठव्या ओळीत खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन टाके एकत्र विणा, असं सहा वेळा. ३६ उरतात. बाही २२ सेंमी झाली की १० नंबरच्या सुयांनी ४ सेंमी काठ. दुसरी बाही ओळी मोजून तशीच करा. टेपने मोजली तर हमखास लहान-मोठी होते.

पुढची आणि मागची बाजू सारखीच ठेवली आहे. मानेमागे जास्तीच्या अर्ध्या ओळी घालून पाठ थोडी उंच करायची पद्धत आहे, मोठ्यांच्या स्वेटरला ती हवीच. लहान मुलांना नको.

धाग्यांची टोकं आतल्या बाजूने त्याच रंगाच्या टाक्यांत ओवून टाका. मग स्वेटर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, मापाला सारखा करून सपाट पसरा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. नक्षीतले वेडेवाकडे टाके या एका धुण्यात बरेच सरळ होतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, नक्षी कायमची चपटी होते. जून-जुलैत विणून संपला असेल तर कोरडाच घडी घालून ठेवा आणि ऊन पडायला लागलं की भिजवा. त्या हवेत तो लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतो.

मूल मोठं असेल तर टाक्यांची संख्या बदलू नका, लोकर आणि सुई जाड करा. १० सेंमीत १८ टाके बसले तर याच १२८ टाक्यांची छाती ७१ सेंमी होते, १६ बसले तर ८० सेंमी. अंगाची आणि बाहीची लांबी मात्र मुलाला समोर उभं करून मोजून घ्या.